इथं विसावा असतो

श्रावणातला तिसरा सोमवार जवळ आला की आमच्या नाशिकमध्ये एकच प्रश्न घरोघर फिरतो, "फेरीला येणार ना?" फेरी म्हणजे ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. रविवार रात्रीपासून त्र्यंबकची वाट माणसांनी भरून जाते. तिथल्या कुशावर्त कुंडावर हातपाय ओले करायचे आणि अंधारात, पावसात, चिखलात साधारण वीस किलोमीटर चालत डोंगराला वळसा घालून पुन्हा कुशावर्तावर यायचं. मी अकरा वर्षं सलग गेले. मग सहा वर्षं गेले नाही. काल धाकट्या जावेनं जिन्यातच विचारलं, "ताई, यंदा येताय?" आणि माझ्या तोंडून ठरलेलं 'नाही' आलं नाही. आज सकाळी चालताना मी त्याचाच विचार करत होते.

माझं दुखणं दिसायला काहीच नाही. उजव्या मांडीची बाहेरची बाजू, पुरुषांच्या पँटला खिसा असतो साधारण ती जागा, दोन तळहातांएवढी. शाळेत चौथ्या तासाला फळ्यापाशी उभी असताना तिथे पहिल्यांदा भगभगलं. काहीतरी चावलं असं वाटलं. घरी येऊन पाहिलं तर लाली नाही, सूज नाही, पुरळ नाही. महिन्याभरात ती जागा परकी झाली. रात्री चादर नुसती घासली तरी झोंबायचं, आणि तिथेच चिमटा काढला तर कळायचंही नाही. एकाच कातडीला जास्त जाणवतं आणि काहीच जाणवत नाही, हे दोन्ही एका वेळी कसं असू शकतं, ते मला कुणाला पटवून देता येईना.

दुखण्यासाठी आपल्या भाषेत किती शब्द आहेत, ते मी त्या काळात मोजत बसायची. दात ठणकतो, काटा सलतो, फोड ठसठसतो. पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, पोटरीत गोळा येतो. मिरची कुटलेला हात भगभगतो, खरचटलेलं चुरचुरतं, मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात. हे शब्द आपल्याला कुणी शिकवत नाही, आजीच्या कण्हण्यातून ते कानावर पडलेले असतात. आणि ते फार नेमके असतात. ठणका लागला म्हणजे आत काही साचलं आहे, हे जुन्या बायका न तपासता सांगत. भगभग, चुरचुर, मुंग्या आणि बधिरपणा हे मात्र नसेच्या घरातले शब्द. मी दीड वर्ष सगळ्यांना नुसतं "पाय दुखतो" म्हणून सांगत होते, आणि पाय दुखतो म्हटलं की ऐकणारा गुडघ्याकडे नाहीतर कंबरेकडे बघतो. "मांडीची कातडी भगभगते, आणि हात लावला तर बधिर लागते," असं ज्या दिवशी सांगितलं त्या दिवशी निदान झालं. तेव्हापासून कुणी मला दुखतं म्हणून सांगायला लागलं की मी त्याला त्याचा शब्द सापडेपर्यंत थांबते.

त्या दीड वर्षात मी काय काय केलं! सायटिका आहे असं धरून चटईवर पडून राहिले. एका हितचिंतकानं कंबरेचा रुंद पट्टा आणून दिला. तो मी दिवसभर आवळून बांधायची, दुखणं वाढायचं, आणि वाढलं की मी पट्टा आणखी आवळायची. जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत गरम पाण्याची पिशवी त्या जागेवर ठेवून झोपले. बधिर कातडीला चटका कळला नाही आणि सकाळी फोड उठला होता. बधिर जागेवर शेक घेताना आधी हातानं पाहावं, एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती.

ज्यांनी ओळखलं त्या डॉक्टरांनी आधी पायाची ताकद पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, रक्तातली साखर तपासून घेतली. मग कंबरेच्या हाडाचं पुढे आलेलं टोक असतं, त्याच्या जरा आतल्या बाजूला बोटानं दाबलं. मांडीत वीज गेली. "इथे दबतेय," ते म्हणाले. मी मांडी धरून बसले होते, मांडीला तेल लावत होते, मांडीला शेक देत होते. दबत होतं ते वीतभर वर, जिथे मला काहीही दुखत नव्हतं.

ही नस कंबरेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांपाशी निघते, ओटीपोटाच्या आतून पुढे येते आणि कंबरेच्या त्या टोकाजवळ, जांघेत ताणलेल्या एका चिवट बंधाखालून मांडीत उतरते. वाट अरुंद. वजन वाढलं, गर्भारपण आलं, घट्ट पट्टा बसला, कामगारानं कंबरेला हत्यारांचा पट्टा लटकवला, की तिथे नस चेपते. मधुमेहींमध्ये हे जास्त आढळतं. माझ्या बाबतीत वाढलेलं वजन होतं, रोजचं तासन् तास उभं राहणं होतं, आणि परकराची नाडी होती. बरोबर त्या हाडावरून जाणारी, तीस वर्षं कचकचून बांधलेली नाडी. पहिल्यांदा साडी नेसवताना आईनं सांगितलं होतं, नाडी घट्ट बांध, चारचौघांत फजिती नको. आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिलाही तिच्या आईनं तेच सांगितलं होतं. पण माझ्या मुलीच्या परकराला मी आता रुंद इलॅस्टिक लावून देते.

कागदावर डॉक्टरांनी नाव लिहून दिलं, मेराल्जिया पॅरेस्थेटिका. ग्रीक भाषेत मेरॉस म्हणजे मांडी आणि अल्गॉस म्हणजे वेदना. १८९५ साली बर्लिनचे मार्टिन बर्नहार्ट आणि मॉस्कोचे व्लादिमीर रोथ यांनी हा विकार नीट मांडला, नाव रोथ यांनी दिलं. त्याच वर्षी व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांनीही त्यावर लिहिलं, आणि लिहिलं ते स्वतःच्या मांडीबद्दल. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा, डोंगरवाटांवर भटकायची मनापासून आवड असलेला तो माणूस आपल्याच कातडीचा बधिर तुकडा तपासत बसला होता, हे वाचून मला फार सोबत वाटली. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी अगदी हेच सांगायला शब्द शोधत होतं.

पण मला खरं उभं केलं ते डॉक्टरांच्या पुढच्या वाक्यानं. ही नस फक्त स्पर्शाची आहे, ती एकाही स्नायूला चालवत नाही. म्हणजे कातडी भाजल्यासारखी वाटली तरी पाय कमजोर होत नाही, आणि चालल्यानं मांडी आतून झिजत नाही. दीड वर्ष माझ्या मनात जी भीती होती ती वेदनेपेक्षा मोठी होती. एक दिवस हा पाय जाणार, अशी. ती त्या खोलीतच उतरली. (पायातली ताकदच कमी होत असेल, पाऊल अडखळत असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर मात्र ते दुखणं हे नव्हे. तिथे एक दिवसही घरी थांबू नये.)

पट्टा सुटला, नाडी सैल झाली, वजन सात किलो उतरलं, रात्रीची नसेची गोळी काही महिने चालली. बहुतेकांचं एवढ्यावर शमतं. काहींना नसेजवळ इंजेक्शन घ्यावं लागतं, फार थोड्यांना शस्त्रक्रिया. माझं शमलं, पण गेलं नाही. ते मांडीत राहायला आलं आहे, हे मी आता मान्य केलं आहे.

मान्य करायला मात्र वेळ लागला. बरं वाटलं की मी उधळायची. ज्याला आम्ही सगळे गोल्फ क्लबचं मैदान म्हणतो, त्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला पाच-सहा फेऱ्या मारायच्या, वर घरी येऊन माळे काढायचे, दिवाळीची साफसफाई एका दिवसात उरकायची. दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस आडवी. आडवं पडलं की वजन वाढायचं, वजन वाढलं की नस दबायची, आणि जरा उतार पडला की साठलेली कामं एकदम अंगावर घ्यायची. वर्षभर मी अशी कोलमडत आणि उठत होते. बाहेरून बघणाऱ्यांना मी कधी ठणठणीत वाटायची, कधी ढोंगी.

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी होती, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिनं मला आठवडाभर घड्याळ बघून चालायला लावलं आणि भगभग किती मिनिटांनी सुरू होते ते वहीत लिहायला सांगितलं. साधारण वीस. मग ती म्हणाली, "मॅडम, आता बाराव्या मिनिटाला बसायचं. दुखायला लागल्यावर थांबू नका, दुखायच्या आधी थांबा." मी वही मिटून घरी आले. चांगला चालत असलेला पाय थांबवायचा कशासाठी? हे गाव चालणाऱ्या-पळणाऱ्यांचं. सावरपाड्याची कविता राऊत याच मातीत पळायला शिकली आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. इथल्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली सायकलवर अमेरिका आडवी पार केली. ज्याचं कौतुक ऐकत आम्ही वाढलो ते सोसून पुढे जाण्याचं. त्यात बारा मिनिटं चालून बाकावर बसणारी बाई कुठे बसणार? मला ते हरल्यासारखं वाटलं, आणि मी तिचं ऐकलं नाही.

ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी निघाली. ज्ञानदेवांचे थोरले बंधू आणि गुरू, त्यांची समाधी आमच्या त्र्यंबकला. पौर्णिमेच्या सुमारास पालखी निघते, सातपूर, नाशिक, पळसे, सिन्नर करत आषाढीला पंढरपुरी पोचते. जवळपास महिनाभराची पायी वाट. मी दरवर्षीप्रमाणे सातपूरच्या रस्त्यावर दर्शनाला उभी होते. एक दिंडी आली आणि माझ्यासमोरच थांबली. टाळ खाली ठेवले गेले, तुळशी उतरल्या, बायका कडेला बसल्या. आभाळ भरलेलं होतं, ऊन नव्हतं, सकाळचीच वेळ होती. कुणाच्या चेहऱ्यावर थकवा नव्हता. शेजारी टेकलेल्या एका आजींना मी विचारलं, "दमलात का माउली?" त्यांनी माझ्याकडे नवल करून पाहिलं. "नाही गं बाई. इथं विसावा असतो."

असतो. मी घरी येईपर्यंत तो शब्द डोक्यात घोळत होता. आम्ही विसावा घेतो, असं त्या म्हणाल्या नाहीत. पाय भरून आले म्हणून नाही, कुणी मागितला म्हणून नाही, त्या जागी तो आहे म्हणून त्या बसल्या होत्या. पालखी निघण्याआधीच वाटेवरचे विसावे आणि मुक्काम ठरलेले असतात, दिंडीत तरुण किती आणि म्हातारे किती याच्याशी त्याचा संबंध नसतो. पंचविशीतला टाळकरीही तिथे बसतो. त्याला कुणी विचारत नाही, तुझे पाय तर धड आहेत, तू का बसलास? आणि म्हणूनच सत्तरीतल्या बाईलाही बसताना खाली मान घालावी लागत नाही. एवढं अंतर एवढे लोक पिढ्यान् पिढ्या चालू शकले यात श्रद्धा तर आहेच, पण या ठरवून बसण्याचाही वाटा आहे असं मला मनापासून वाटतं. त्या मुलीनं मला जे सांगितलं होतं, ते आपल्याकडे आधीपासून रस्त्यावर मांडलेलं होतं. मी त्याच्या कडेला उभी राहून इतकी वर्षं नुसती हात जोडत होते.

दुसऱ्या दिवशी मी बाराव्या मिनिटाला बसले. पाय चांगला होता, मन नुसतं चुळबुळत होतं. तीन मिनिटांनी उठले, पुन्हा बारा. संध्याकाळी भगभग आली नाही. आठवड्यानं तेरा मिनिटं केली. आज, वर्ष उलटून गेल्यावर, मी अठरा मिनिटं चालते, बसते, पुन्हा अठरा, आणि अशी तीन आवर्तनं होतात. पावलं आखूड टाकते, कारण लांब ढांग टाकताना मागचा पाय ताणला जातो आणि जांघेतली ती नस खेचली जाते. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी एक पाट ठेवला आहे. पोळ्या लाटताना कधी हा पाय, कधी तो पाय त्यावर घेते, जांघ सैल होते. शाळेत वर्गात टेबलाखाली तसंच एक लाकडी खोकं आहे. मुलांना आता त्याचं काही वाटत नाही. आठवड्यातून दोन दिवस सावरकर जलतरण तलावात जाते. पाण्यात शरीराचा भार उतरतो आणि कातडीवर कपड्याचं घासणंही नसतं. ज्या दिवशी भगभग असते त्या दिवशी पूर्ण सुट्टी घेत नाही, निम्मं चालते. आणि ज्या दिवशी पाय अगदी हलका असतो त्या दिवशी दुप्पट चालत नाही. हे दुसरं पाळणं पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. चांगल्या दिवशी थांबायला लागणारा संयम माझ्याकडे नव्हता, तो मी पन्नाशीनंतर शिकते आहे.

हे लिहिताना दिंडोरी-निफाडकडच्या बागांत राबणाऱ्या बायका डोळ्यांसमोर येतात. पेठ, सुरगाण्याकडून त्या द्राक्षाच्या हंगामाला येतात. ऑक्टोबरची छाटणी, मग घडांची विरळणी, मग तोडणी. मांडवाखाली हात वर करून दिवस दिवस उभं राहायचं, कंबरेला साडीचा ओचा घट्ट खोचलेला. काम बहुधा उक्तं, जितक्या ओळी तितके पैसे. त्यांच्यातल्या कुणाच्या मांडीत असं भगभगत असेल तर ती बाराव्या मिनिटाला कुठे बसणार? माझ्या घड्याळावर माझा हक्क आहे, तिच्या घड्याळावर मुकादमाचा. मला मिळालेला विसावा पगारी नोकरीतून आलेला आहे, तो माझ्या शहाणपणाचा म्हणून मिरवणं बरोबर नाही. बागेत दर दोन तासांनी सगळ्यांनाच दहा मिनिटं बसायला मिळालं, दिंडीत असतो तसा तिथेही विसावा 'असला', तर कुणा एकीला दुखतंय म्हणून तोंड उघडावं लागणार नाही. बागायतदारांच्या घरची मुलं माझ्या वर्गात आहेत. मी त्यांच्याशी हे बोलते.

तर फेरी. पूर्ण वीस किलोमीटर या वर्षी नाही, हे मी जावेला सांगून टाकलं. कुशावर्तावरून निघायचं, प्रयागतीर्थावरून पहिने गावापर्यंत चालायचं आणि तिथून गाडीनं परत. ती थोडी गप्प झाली. अर्धी प्रदक्षिणा कशी मोजायची, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर होता, माझ्याही मनात होता. मग मला निवृत्तिनाथांचीच गोष्ट आठवली. विठ्ठलपंत मुलांना घेऊन याच डोंगराची प्रदक्षिणा करत होते, वाघ समोर आला, पळापळ झाली आणि निवृत्ती वाट चुकून, पुढे त्याचे गुरू झालेल्या गहिनीनाथांच्या गुहेत शिरला, असं परंपरा सांगते. त्या दिवशी त्याची फेरी अर्धीच राहिली होती. ही गोष्ट जावेला सांगितली तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "बरं ताई, मग मीही पहिन्यापर्यंतच येते. पुढल्या वर्षी पुढचं बघू."

काल रात्री आम्ही दोघींनी बसून थांबण्याच्या जागा ठरवल्या. प्रयागतीर्थापर्यंत दोन, तिथे एक मोठा, पुढे तीन. मोबाइलमध्ये अठरा-अठरा मिनिटांचे गजर लावून ठेवले आहेत. पिशवीत राजगिऱ्याचे लाडू, पाण्याची बाटली, ओल्या दगडावर टाकायला प्लॅस्टिकचा तुकडा आणि त्यावर बसायला घोंगडीची घडी. सैल सलवार उशाशी काढून ठेवली आहे. रविवारी मध्यरात्री ती खालून हाक मारणार आहे.